झाडाला ताण बसतो तेव्हा

आमच्या गॅलरीत एक बोगनवेल आहे. तीन वर्षांपूर्वी सौ.ने ती मोठ्या हौसेने आणली आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तिला पाणी घालण्याचा नेम कधी चुकवला नाही. एकवेळ माझा चहा उशिरा होईल, पण बोगनवेलीचे पाणी नाही. वेलही अशी कृतज्ञ की गॅलरीचे गज दिसू नयेत इतकी हिरवीगार झाली. फूल मात्र एक नाही. गेल्या मे महिन्यात आम्ही बारा दिवस कोकणात गेलो. शेजाऱ्यांकडे किल्ली दिली होती, पण ते विसरले. परत येऊन पाहतो तो निम्मी पाने गळलेली, उरलेली मलूल. सौ.च्या डोळ्यांत पाणी यायचेच बाकी होते. तिने घाईघाईने कुंडीत पाणी ओतले. आणि काय सांगावे, महिन्याभरात त्या वेलीला राणी रंगाचा असा बहर आला की खालून जाणारे लोक मान वर करून पाहू लागले!

"तीन वर्षं जीव लावला तेव्हा नाही फुलली, आणि टाकून गेलो तर फुलली," सौ. म्हणाली. "माणसांसारखीच म्हणायची ही!"

मी गप्प राहिलो. कारण यामागचे इंगित मला ठाऊक होते आणि ते शिकण्याची फी मी वयाच्या बाराव्या वर्षी भरली होती. मी म्हणजे माझ्या मामांनी. ती फी होती संत्र्याची नऊ झाडे.

मामांचे गाव वरुडच्या बाजूला, अमरावती जिल्ह्यात. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने बडनेरा आणि तेथून दोन एस.टी. बदलून आम्ही दर मे महिन्यात तेथे जात असू. १९९३ सालच्या सुट्टीत मी संत्र्याच्या बगीच्यात गेलो तेव्हा झाडांची अवस्था पाहून मला कसेसेच झाले. पाने फिक्कट पडून आत वळली होती, काही गळून आळ्यात पडली होती. शेजारच्या तुकड्यात कडवळाला आणि वांग्यांना मात्र दांडातून खळाळत पाणी चालले होते. तहानलेल्याच्या दारावरून पाणी जावे आणि त्याला घोट मिळू नये, हा कुठला न्याय? दुपारी मामा जेवून लवंडले होते. मी फावडे उचलले, दांड फोडला आणि पहिल्या ओळीत पाणी सोडले. नऊ आळी तुडुंब भरली, तेवढ्यात मामा उठून आले.

"काऊन रे, हे पानी कोनं सोडलं?"

"मी. झाडं सुकली होती मामा."

"सुकली नाई ते. सुकवली हायेत," मामा म्हणाले. त्यांनी माझ्या हातातले फावडे घेतले, दांड बुजवला आणि एवढेच बोलले, "झाडाले तान देल्ला हाये."

मामांनी मला रागे भरले नाही, आणि तीच गोष्ट मला लागली. जुलैमध्ये आईला त्यांचे कार्ड आले. पाऊसपाणी, गायीचे वासरू, सगळ्यांची खुशाली आणि शेवटी एक ओळ: बगीचा फुलाने पांढरा झाला आहे, भाच्याच्या नऊ झाडांना मात्र नुसती नवती फुटली, फूल नाही. आई ते कार्ड वाचून बराच वेळ बोलली नाही. तिकडे बगीचा झाडावरच ठोक्याने विकतात. व्यापारी येतो, ओळीओळीतून हिंडतो, झाडे मोजतो आणि आकडा सांगतो. पहिल्याच ओळीत नऊ रिकामी झाडे पाहिल्यावर त्याने काय आकडा सांगितला असेल, याचा विचार मी त्या वयातही केला होता.

पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो. झाडांशी माझा संबंध उरला तो शब्दांपुरता. पण शब्दही कधी कधी झाडापर्यंत नेऊन सोडतात. 'बहार' हा शब्द फारसी, मूळ अर्थ वसंत ऋतू. आपल्या बागायतदाराने तो घेतला आणि वर्षाला एक नव्हे, तीन वसंत केले. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार. मृगाच्या पावसाबरोबर जून-जुलैत फुलतो तो मृग बहार. आणि हस्ताच्या, म्हणजे हत्तीच्या पावसावर येतो तो हस्त बहार. संत्रे, मोसंबी, लिंबू, डाळिंब ही झाडे मनात आले तर वर्षातून दोनदा-तीनदा थोडी थोडी फुलतात, पण त्यात ना धड फळ ना धड पैसा. म्हणून बागायतदार एक बहार धरतो आणि बाकीचे सोडतो. बहार 'धरण्या'चा उपाय म्हणजे ताण 'देणे'. काही आठवडे पाणी बंद ठेवायचे. हलक्या जमिनीत महिनाभर पुरतो, काळ्या भारी जमिनीत दीड-दोन महिने लागतात. झाड पुरेसे सुकले की 'ताण बसला' म्हणायचे. मग पाणी देऊन तो 'तोडायचा'. तोडतानाही पहिले पाणी हलकेच द्यायचे, एकदम धो धो नाही. मृग बहाराचा ताण उन्हाळ्यात द्यायचा आणि तो तोडण्याचे काम पावसाने करायचे. मी मध्येच ते काम अंगावर घेतले, एवढाच माझा अपराध!

मामांच्या वऱ्हाडी तोंडी 'ताण'चा 'तान' होतो. गवयाची तान आणि झाडाचा ताण हे दोन्ही शब्द एकाच संस्कृत धातूपासून आले, त्या 'तन्'चा अर्थ ओढणे, पसरणे. मोठी मौजेची गोष्ट अशी की, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा शब्द अक्षरशः खरा आहे. झाडात खरोखरच काहीतरी ताणलेले असते.

ते कसे, पाहा. पानाच्या अंगाला हजारो सूक्ष्म तोंडे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. ही तोंडे उघडल्याशिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येत नाही आणि तो आल्याशिवाय झाडाचा स्वयंपाक होत नाही. पण तोंड उघडले की आतली वाफ बाहेर पळते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली तर धूर जातो खरा, पण मांजरही येते, तशातला हा प्रकार. मुळांनी ओढलेल्या पाण्यातले शंभरातले ९७ भाग, किंबहुना अधिकच, असे वाफ होऊन जातात. पानातून वाफ गेली की तेथले पाणी खालच्या पाण्याला ओढते, ते त्याच्या खालच्याला, आणि अशी ओढ खोडातून थेट मुळाच्या टोकापर्यंत पोचते. झाडात पंप नाही. आहे तो पानापासून मुळापर्यंत ताणलेला पाण्याचा अखंड धागा. डिक्सन आणि जोली या दोघांनी १८९४ मध्ये डब्लिन येथे ही कल्पना मांडली, तेव्हा पाण्याला असे दोरीसारखे ताणता येते यावर अनेकांचा विश्वास बसेना.

हा ताण मोजण्याचे सुटसुटीत साधन कॅलिफोर्नियात शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये पुढे आणले. पान तोडून पोलादी डब्यात कोंडायचे, देठ तेवढा बाहेर ठेवायचा आणि डब्यात वायूचा दाब वाढवत न्यायचा. ज्या क्षणी कापलेल्या देठावर पाण्याचा थेंब चमकतो, त्या क्षणीचा दाब म्हणजे झाडातली ओढ. भर दुपारी संत्र्याच्या पानात ही ओढ हवेच्या दाबाच्या दहा-पंधरा पट भरते. मोटारीच्या चाकात भरतात त्याच्या पाच-सात पट! पण दुपारचा आकडा फसवा असतो. उन्हात पाणी पाजलेले झाडही मान टाकते. रात्री रंध्रे मिटतात, झाड जमिनीतून हळूहळू पाणी ओढून घेते आणि पहाटे झाडातला ताण व मुळांभोवतीच्या जमिनीचा ताण सारखा होतो. म्हणून शास्त्रज्ञ हे यंत्र घेऊन सूर्य उगवण्यापूर्वी शेतात जातात. हे वाचले तेव्हा मला मामा आठवले. ताणाच्या दिवसांत ते पहाटे कंदील घेऊन बगीच्यात जात. "दुपारी त सारेच सुकते," ते म्हणत. "सकायी पाहा लागते. सकायी पान उभं असन, त तान बसलाच नाई." डब्यावाचून, आकड्यावाचून मामा तेच मोजत होते.

आता ताण हळूहळू वाढू लागला म्हणजे झाड काय करते? आपल्याला वाटते ते कोमेजते. पण कोमेजणे हा शेवटचा अंक, त्याआधी बरेच काही घडून गेलेले असते. पहिली थांबते ती वाढ. पानाची पेशी मोठी होते ती आतल्या पाण्याच्या दाबाने, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरावी तशी. दाब जरा उतरला की नवी पाने फुटणे, शेंडे लांबणे मंदावते. पानाचा स्वयंपाक मात्र त्यावेळी जवळजवळ पूर्ववत चालू असतो. वाढ आधी मंदावते आणि स्वयंपाक नंतर, ही गोष्ट सियाओ या शास्त्रज्ञाने १९७३ मधल्या आपल्या गाजलेल्या आढाव्यात ठसठशीतपणे मांडली. सौम्य ताणाचे सारे रहस्य या मधल्या फटीत आहे. मिळकत चालू आणि खर्च थांबलेला, मग शिल्लक पडणारच! ही शिल्लक साखरेच्या आणि पिठुळाच्या रूपाने फांद्यांत साठते. काही साखर पेशींतच राहते आणि त्या गोड रसामुळे पेशी आपले पाणी अधिक घट्ट धरून ठेवतात. मुळे तर उलट खाली ओलाव्याच्या शोधात निघतात. शेंडा बसून राहतो आणि मूळ चालू लागते.

ही बातमी वर कळते कशी? कोरड्या पडू लागलेल्या मुळांत आणि पानांत एक द्रव्य वाढते, त्याला अॅब्सिसिक आम्ल म्हणतात. १९६० नंतरच्या काही वर्षांत कॅलिफोर्नियात अॅडिकॉट यांच्या मंडळींनी कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून ते वेगळे केले. बोंडे का गळतात याच्या शोधात ते हाती लागले. इंग्लंडच्या बाजूला दुसरी मंडळी झाडांच्या कळ्या थंडीत का झोपतात हे शोधत होती. त्यांना मिळालेले द्रव्यही तेच निघाले. १९६७ मध्ये दोन नावांचे एक नाव झाले. हे द्रव्य रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींपाशी पोचले की त्यांतले पोटॅशियमचे क्षार बाहेर पडतात, पाठोपाठ पाणी जाते, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटते. पुढे दुष्काळ आहे, दारे लावून घ्या, असा हा निरोप असतो. आणि तो पान सुकण्याच्या आधी येऊ शकतो.

फुलाची गोष्ट आणखी नवी आहे. फुलण्याचा निरोप पानातून कळीकडे जातो, असे चैलाख्यान या रशियन शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये सांगितले होते आणि त्या न सापडलेल्या दूताला 'फ्लोरिजन' असे नावही दिले होते. हा दूत म्हणजे 'एफटी' नावाचे प्रथिन, हे नक्की व्हायला २००७ साल उजाडले. लिंबूवर्गीय झाडांत हा दूत दोन कारणांनी जागा होतो: एक थंडी, दुसरे पाण्याची ओढ. स्पेन-फ्लोरिडाच्या बागा हिवाळ्याच्या थंडीवर फुलतात. आपला आंबिया बहारही थंडीचा आधार घेतो. पण वऱ्हाडच्या मे महिन्यात थंडी आणायची कुठून? तेथे ताणच हवा. माझ्या नऊ झाडांत निरोप निघालेला होता, शिल्लक साठू लागली होती. मी पाणी दिले आणि झाडांना वाटले, दुष्काळ संपला. साठवलेले सगळे त्यांनी नव्या पानांवर उधळले. मृगाचा पाऊस आला तेव्हा त्यांच्यापाशी फुलण्यासाठी काही उरलेच नव्हते.

ही युक्ती आपल्याचकडची आहे असे मात्र नाही. सिसिली बेटावरचे बागवान लिंबाच्या झाडांचे पाणी ऐन उन्हाळ्यात जून-जुलैत तोडतात, मग भरपूर पाणी आणि खत देतात. ऑगस्ट-सप्टेंबरात झाडे अवेळी फुलतात आणि पुढच्या उन्हाळ्यात, बाजारात लिंबू नसते तेव्हा, त्यांची हिरवी लिंबे येतात. ऑस्ट्रेलियात तातुरा येथे चॅमर्स आणि मिचेल यांनी १९८० च्या सुमारास पीचच्या झाडांवर प्रयोग केले. फळ हळू वाढत असते त्या मधल्या काळात पाणी कमी केले, तर फांद्यांची माजोरी वाढ आटोक्यात राहते आणि फळाचे नुकसान होत नाही, असे त्यांना आढळले. त्याच देशात द्राक्षवेलीच्या एका बाजूच्या मुळांना पाणी द्यायचे आणि दुसऱ्या बाजूची कोरडी ठेवायची, अशी चतुराईही निघाली. कोरडी मुळे 'पाणी नाही' म्हणून ओरडतात, ओली मुळे वेलीला तहानू देत नाहीत! आपल्याकडे रोपवाटिकेतला माळीही लावणीपूर्वी रोपांचे पाणी कमी करून ती काटक करतोच.

पण वेळ चुकली की हेच अमृत विष होते. मक्याला तुरा येऊन कणसाचे केस बाहेर पडण्याच्या दिवसांत ताण बसला, तर केस उशिरा येतात, परागाची वेळ चुकते आणि कणीस बोळके राहते. डाळिंबाचे फळ वाढत असताना ते कोरडे ठेवून मग एकदम पाणी पाजले, तर फळ तडकते. आणि मात्रा चुकली तर? आपली म्हण आहे, तुटेपर्यंत ताणू नये. झाडाच्या बाबतीत हे अक्षरशः घडते. ओढ फार वाढली की पाण्याचा तो धागा तुटतो, त्या नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि नळी निकामी होते. थोड्या नळ्या गेल्या तर झाड सांभाळून घेते. बहुतेक गेल्या की फांदी वाळते. त्यानंतर ओतलेले पाणी वर चढायला वाटच राहत नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा अशाच गेल्या. पंधरा-पंधरा वर्षे वाढवलेली झाडे लोकांनी सरपणासाठी तोडली. आणि २०१९ च्या उन्हाळ्यात ती पाळी वरुड-मोर्शीवर आली. विहिरी केव्हाच आटल्या होत्या, बोअर खोल खोल गेले होते. मामांनी मधल्या काळात बगीचा नव्याने लावला होता. मृग बहारासाठी त्यांनी एप्रिलात पाणी तोडले आणि मे संपायच्या आत विहिरीने तळ दाखवला. त्यात पाऊस लांबला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा पाने वळलेली नव्हती. ती वाळून फांदीला तशीच चिकटून राहिली होती. बांधावर टँकर उभा होता. मामांनी माझ्या हातात बादली दिली.

"दे पानी," ते म्हणाले.

प्रत्येक आळ्यात चार बादल्या. दुपारभर आम्ही दोघे पाणी वाहत होतो. सव्वीस वर्षांपूर्वी ज्या हाताने पाणी दिले म्हणून झाडे चुकली, त्याच हाताने आता ती वाचवायची होती. मला राहवले नाही. मी विचारले, "मामा, ताण तुटेल ना?"

मामा बांधावर टेकले. "हा तान नोय," ते म्हणाले. "इहिरीत पानी असते अन् आपून देत नाई, त्याले तान म्हनते. पानीच नाई, तो दुस्काय."

बगीच्यातली निम्मी झाडे वाचली, निम्मी गेली.

मामांचे ते वाक्य मी पुष्कळदा आठवतो. कॉलेजातल्या सभांत, पालकांच्या मेळाव्यात हल्ली एक विचार फार ऐकू येतो: मुलांना ताण पाहिजेच, ताणाशिवाय फूल येत नाही. बोगनवेलीचा दाखलाही कोणी देते. मी मान हलवतो, कारण ते खोटे नाही. पण माझ्या वर्गात काही मुले बसलेली असतात, जी पहाटे पेपर टाकून येतात आणि ज्यांच्या घरून या महिन्याचे पैसे आलेले नसतात. त्यांना कोणी ताण दिलेला नसतो. तेथे विहीरच कोरडी असते. अशा वेळी ताणाचे गुण सांगण्यापेक्षा बादली उचलणे बरे. झाडाला उपाशी ठेवण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने आधी विहिरीत पाणी पाहिले आहे, जो पहाटे उठून पान निरखतो, आणि वेळ आली की दांड फोडायला जो जागेवर हजर असतो.

मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. गेलेल्या झाडांच्या जागी त्यांनी कलमे लावली, ठिबक केले. यंदा मेच्या सुरुवातीला मी फोन केला आणि सुट्टीत येऊ का म्हणून विचारले.

"ये नं," मामा म्हणाले. "औंदा इहिरीत पानी हाये, म्हून तान देल्ला हाये. पन येशीन त बादलीले हात लावू नको!"